'बाबा' हा शब्द नेमका कुणाचा?

अक्षरधूळ :

गेले काही दिवस एक शब्द डोक्यातून जात नाहीये. बाबा.

मराठीत बाबा म्हणजे वडील. तुर्कीत बाबा म्हणजे वडील. फारसीत वडील, आणि प्रेमाने आजोबाही. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत बाबा, झिंबाब्वेतल्या शोनात बाबा, नायजेरियातल्या योरुबात बाबा, आणि अर्थ सगळीकडे वडीलच. चिनी लोक मँडरिनमधला हा शब्द रोमन लिपीत लिहिताना 'ब'चं अक्षर वापरतात, पण त्याचा उच्चार घोष नसतो, म्हणजे तो काढताना गळ्यात कंपनं होत नाहीत. आपल्या कानाला तो सरळ 'पापा' ऐकू येतो. अर्थ पुन्हा वडील.

आता या भाषांची कुळं बघा. मराठी आणि फारसी इंडो-युरोपीय, म्हणजे दूरच्या का होईना पण बहिणी. तुर्की तुर्किक कुळातली. चिनी सिनो-तिबेटी. स्वाहिली, शोना आणि योरुबा नायजर-काँगो कुळातल्या (त्यातल्या स्वाहिली-शोना एकमेकींच्या जवळच्या, योरुबा बरीच लांबची). चार कुळं, आणि त्यांचं आपसातलं नातं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. हात, पाणी, दोन असे रोजचे शब्द घेतले तर ते लगेच कळतं. तुर्कीत हात 'एल', पाणी 'सू', दोन 'इकी'. स्वाहिलीत 'म्कोनो', 'माजी', 'म्बिली'. चिनीत 'शौ', 'श्वेइ', 'अर'. कशाचा कशाला मेळ नाही. आणि वडील म्हटलं की सगळ्या एकाच उंबऱ्यावर येऊन उभ्या.

यावर सहसा दोन उत्तरं मिळतात. एक, जगातल्या सगळ्या भाषा एकाच भाषेतून निघाल्या. दुसरं, कुणीतरी कुणाकडून तरी शब्द उचलला. पहिलं मला चूक वाटतं आणि दुसरं अपुरं. का, ते सविस्तर लिहीनच, पण आधी तुमच्याकडून ऐकायचंय. एकच विनंती : 'अमक्या भाषेतही आहे' एवढ्यावर थांबू नका. तिथे नेमका अर्थ काय, जुन्या लिखाणात तो सापडतो का, आणि वडिलांसाठी त्या भाषेत आणखी कोणता शब्द आहे, तेही लिहा. उलगडा त्या दुसऱ्या शब्दाशी होईल असं मला वाटतं.

सुरुवात मीच करतो. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात आठव्या शतकातले शिलालेख आहेत. तुर्किक भाषेतलं ते सर्वांत जुनं मोठं लेखन. त्यात बिल्गे कागान हा राजा आपल्या वडिलांचा उल्लेख 'कङिम कागान' असा करतो. माझे वडील, कागान (म्हणजे सम्राट). वडिलांसाठी शब्द आहे 'कङ'. 'अता' हाही जुना शब्द, तो आज 'अतातुर्क' या नावात दिसतो. आजच्या तुर्कीत घरोघरी असलेला बाबा त्या शिलालेखांत नाही.

रानवारा :

एकच मूळ ही कल्पना इतक्या झटपट बाजूला काढावी असं मला वाटत नाही. माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तेव्हा बोलत असणारच. मग काही शब्द टिकून राहिले असतील तर नवल काय? आणि टिकायचे तर आई-बापांचेच टिकतील, कारण ते रोज, प्रत्येक घरात, आयुष्यभर तोंडात असतात.

१९९४ मध्ये जॉन बेंग्टसन आणि मेरिट रुलेन या दोघांनी जगभरच्या कुळांमधून असे २७ शब्द गोळा करून मांडले होते. त्यात आई किंवा घरातली वडीलधारी बाई या अर्थाचा 'अजा' हा एक. तो वाचून मला आपली आजी आठवली. हा सगळा योगायोग म्हणायचा?

सांधा :

रानवारा, आजीचंच घेऊ, कारण तिचा प्रवास कागदावर दाखवता येतो.

संस्कृतात 'आर्यक' म्हणजे आजोबा. पालीत त्याचा 'अय्यक' झाला, प्राकृतात 'अज्जय', आणि मराठीत आजा. आजी त्याची स्त्री. म्हणजे आजीतला 'ज' हा 'र्य' झिजून आलेला आहे. कार्यचं काज झालं, तसंच. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी जा आणि त्या शब्दात 'अजा' शोधा, सापडणार नाही. साम्य आज दिसतं, मुळाकडे जावं तसं ते विरत जातं. एका मुळातून आलेल्या शब्दांचं नेमकं उलटं असायला हवं. मागे जावं तसे ते जवळ यायला हवेत.

खरं नातं कसं दिसतं ते वडिलांच्याच शब्दावर बघा. संस्कृत 'पितृ', लॅटिन 'पाटेर', इंग्रजी 'फादर', आर्मेनियन 'हाय्र', आयरिश 'अहिर'. हे पाचही शब्द एकाच शब्दाची लेकरं आहेत. आर्मेनियनमध्ये 'प'चा 'ह' झाला, आयरिशमध्ये तो पार गळाला, इंग्रजीत 'फ' झाला. आणि हा बदल एकट्या या शब्दापुरता नाही. संस्कृत 'पाद' तर इंग्रजी 'फूट', 'पंच' तर 'फाइव्ह'. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे बदल नियमांच्या रूपात मांडले आणि त्या दिवसापासून 'ऐकायला सारखं वाटतं' हा पुरावा म्हणून चालेनासा झाला.

आता 'बाबा' या कसोटीवर धरा. तो जर हजारो वर्षांपूर्वीचा वारसा असेल, तर पितृची जी गत झाली ती त्याची का नाही झाली? प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक 'ब'वर आणि 'प'वर झीज झाली आणि एवढा एकच शब्द सगळीकडे जसाच्या तसा राहिला, हे पटत नाही. रोज तोंडात असणारे शब्द तर जास्त झिजतात.

चिनीचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. वडिलांसाठीचा त्यांचा जुना, लिखाणातला शब्द आज 'फू' आहे. पण प्राचीन चिनीत त्याच चिन्हाचा उच्चार ओठांच्या 'ब'ने सुरू होत होता आणि त्यात 'आ' होता, म्हणजे जवळजवळ 'बा'. काळाच्या ओघात 'ब'चा 'फ' झाला, 'आ'चा 'ऊ' झाला. आणि तिसऱ्या शतकातल्या 'ग्वांग्या' या कोशात बोलीतला शब्द म्हणून आजचा 'बा' हजर आहे, अर्थ दिलाय 'फू'. जुना शब्द झिजून लांब गेला आणि रिकाम्या जागी तोच आवाज नव्याने उगवला. कुठून उगवला, हा खरा प्रश्न.

आणखी एक. झुलू आणि खोसा या दक्षिण आफ्रिकेतल्या दोन भाषा इतक्या जवळच्या की बोलणाऱ्यांना एकमेकांचं बरंचसं कळतं. झुलूत वडील 'उबाबा', खोसात 'उटाटा'. सख्ख्या बहिणींचा शब्द वेगळा, आणि झुलूचा शब्द जुळतो तो तुर्कीशी. कुळाच्या वारशाने हे घडूच शकत नाही.

मोरपीस :

मी काही वर्षं रशियन शिकते आहे, त्यामुळे पहिल्या प्रतिसादापासून बोलायचं होतं. स्लाव्ह भाषांत बाबा ही बाई आहे!

रशियनमध्ये 'बाबा' म्हणजे म्हातारी, किंवा जरा खडबडीत बोलीत कुणीही बाई. 'बाबुश्का' म्हणजे आजी, ते त्याचंच लाडकं रूप. सुईणीला 'पोविवाल्नाया बाब्का' म्हणत. थंडीच्या आधी जे थोडे ऊबदार दिवस येतात त्यांना 'बाब्ये ल्येता' म्हणतात, बायांचा उन्हाळा. लोककथांतली चेटकीण 'बाबा यागा'. सर्बियनमध्ये आजी 'बाबा' आणि आजोबा 'देदा'.

आता 'देदा' धरून पुढे चला. तुर्कीत आजोबा 'देदे'. काळ्या समुद्राच्या पूर्वेला जॉर्जियात या, तर 'देदा' म्हणजे आई. आणि जॉर्जियनमध्ये 'मामा' म्हणजे वडील! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक समजले होते. पण ती त्यांच्या भाषेत खोलवर रुजलेली गोष्ट आहे. मातृभाषा म्हणजे 'देदा एना', राजधानी म्हणजे 'देदाकालाकी', आई-शहर. कोंबडा 'मामाली', पुरुष 'मामाकात्सी'. आजोबा 'बाबुआ'.

असं करणारी जॉर्जियन एकटी नाही. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटी भागात पित्यान्त्यात्यारा भाषा बोलतात, तिच्यातही 'मामा' म्हणजे वडील. आणि जपानीत 'बाबा' म्हणजे म्हातारी बाई, रशियनसारखंच. जपानी आणि रशियनचं काय नातं?

म्हणून मला वाटतं, धाग्याचा प्रश्नच थोडा बदलायला हवा. सगळीकडे समान आहेत ते आवाज. अर्थ समान आहेत असं आपल्याला वाटतं, कारण जुळणारी उदाहरणं आपण आधी उचलतो.

अक्षरधूळ :

मोरपीस, शेवटचं वाक्य अगदी पटलं. माझ्या यादीत मी स्लाव्ह भाषा घेतल्या नव्हत्या, आणि त्या घेतल्या असत्या तर पहिली पोस्ट वेगळी लिहावी लागली असती.

आता सांधा यांचा प्रश्न : तो आवाज उगवतो कुठून? बाळाच्या तोंडातून.

साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान बाळ अक्षरांच्या माळा ओढू लागतं. पीटर मॅकनिलेज या अभ्यासकाने त्याचं कारण जबड्यात शोधलं. चावताना, चोखताना जबडा जसा वरखाली होतो, तसाच तो होत असतो, फक्त त्यावर आता आवाज चढवलेला असतो. जबडा वर गेला की ओठ मिटतात, खाली आला की तोंड उघडतं. मिटणं-उघडणं, मिटणं-उघडणं. बाबाबाबा. हे करताना नाकाची वाट उघडी राहिली तर मामामामा. ओठांऐवजी जिभेचं टोक वर टेकलं तर दादादादा, नाकातून गेलं तर नानानाना.

हे चार आवाज पुन्हा वाचा. बाबा, मामा, दादा, नाना. त्यात काका घाला, तात्या घाला, ताई, माई, अक्का, अण्णा, आप्पा, बापू घाला. मराठी घरातली हाक मारायची जवळजवळ सगळी नावं बाळाच्या पहिल्या दहा-बारा आवाजांतून निघालेली आहेत. आणि कुणाच्या वाट्याला कोणता आवाज, हे मात्र भाषेगणिक बदलतं. 'दादा' मराठीत मोठा भाऊ, हिंदीत वडिलांचे वडील. 'नाना' हिंदीत आईचे वडील, मराठीत कुणाही वडीलधाऱ्याचं घरगुती नाव. आवाज निसर्गाचा, वाटणी माणसांची.

बाळ 'बाबाबा' म्हणतं तेव्हा ते कुणालाही हाक मारत नसतं. समोरचा माणूस ओ देतो. त्या क्षणी शब्द तयार होतो, आणि तो तयार करणारा मोठा माणूस असतो. समोर बाप असेल तर बाबा म्हणजे बाप. समोर आजी असेल तर बाबा म्हणजे आजी.

याला आकडेही आहेत. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आई-वडिलांसाठीचे १०७२ शब्द जमवले, ५३१ आईचे आणि ५४१ वडिलांचे. त्यांच्या आधारे रोमान याकोब्सन यांनी १९५९ मध्ये मांडणी केली. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्के शब्दांत 'म', 'न', 'ङ' अशी अनुनासिकं होती. वडिलांच्या शब्दांत १५ टक्केच. याकोब्सन यांचं स्पष्टीकरण असं : दूध पिताना बाळाचं तोंड भरलेलं असतं, तेव्हा काढलेला आवाज फक्त नाकातूनच बाहेर येऊ शकतो, आणि तो 'म'सारखा निघतो. पुढे दूध दिसलं, किंवा हवंसं वाटलं, की तोच आवाज. म्हणून 'म' बहुतेक ठिकाणी आईकडे गेला. बहुतेक ठिकाणी, जॉर्जियात नाही. हा कल आहे, नियम नाही, आणि कल असल्यामुळेच तो मला जास्त खरा वाटतो.

तळटीप :

मराठीपुरतं थोडं लिहितो, कारण आपल्या 'बाबा'त दोन-तीन प्रवाह मिसळले आहेत आणि ते वेगळे करून बघायला मजा येते.

'बाप' प्राकृतातल्या 'बप्प'वरून आला. हा शब्द पूर्वी घरगुती किंवा हलका मुळीच नव्हता. पल्लव राजांच्या जुन्या संस्कृत ताम्रपटांत राजा स्वतःला 'बप्पभट्टारकपादभक्त' म्हणवतो, पूज्य वडिलांच्या पायांचा भक्त. भोवती सगळं संस्कृत आणि मधोमध बाळाच्या तोंडचा 'बप्प'. ज्ञानेश्वरांच्या अभंगांतली 'बापरखुमादेवीवरु' ही मुद्रिका आठवा, तिथेही बाप हा आदराचाच शब्द आहे. बाप्पा त्याच घरातला. पितृ हा वारशाने आलेला शब्द बोलण्यातून मागे पडला, आणि आज आपण 'पिता' म्हणतो तो संस्कृतातून परत आणलेला. चिनीत 'फू' आणि 'बा' यांचं जे झालं तेच इथे झालं.

'बाबा'चं वेगळं. मोठ्यांना, फकिरांना, साधूंना बाबा म्हणायची रीत फारसीतही भक्कम आहे आणि तिथून आलेल्या वापराने आपल्या बाबाला वजन दिलं. पण मराठीत बाबा हा लहान मुलालाही म्हणतात, हे विसरू नका. बाबागाडीत वडील बसत नाहीत. 'असं नको करूस रे बाबा', 'बाबापुता करून समजावलं' यांतला बाबा हा समोरचा लहान किंवा लाडका माणूस आहे. बाबा आमटे यांचं नाव मुरलीधर. 'बाबा' हे त्यांना आईवडिलांनी लहानपणी लावलेलं हाकेचं नाव, साधुत्वाशी त्याचा संबंध नव्हता. इंग्रजांच्या घरांतल्या मुलांनाही नोकर 'बाबा' म्हणत, आणि १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने त्या वापरावर इंग्रजी 'बेबी'ची छाया असावी असा तर्क केला आहे. बेबी हाही मुळात बाळाच्या बडबडीतूनच आलेला शब्द. बाप, आजी, साधू, आणि स्वतः ते मूल : एकाच आवाजाने सगळी माणसं झाकली.

आता 'आई'. तिच्यात ना 'म' ना 'न'. मला हा शब्द म्हणूनच आवडतो. जुन्या तमिळमध्ये आईला 'आय्' म्हणत, आणि मराठी आईचं नातं अभ्यासक त्या द्राविडी शब्दाशी जोडतात. 'माय' आणि 'माउली' ही संस्कृत 'मातृ'च्या बाजूची. त्यामुळे मराठीत दोन्ही कुळांच्या आया नांदतात.

आणि मुलं सांभाळणारी 'आया' मात्र यातली कुणीच नाही. तो पोर्तुगीज शब्द आहे, 'आइआ', आणि त्याच्यामागे लॅटिन 'आविआ', म्हणजे आजी. आई-आया शेजारी ठेवले तर कुणीही नातं जोडेल. इथे उसनवारी आहे आणि ती कागदोपत्री दिसते. म्हणून 'उचललेला शब्द' हे उत्तर सरसकट टाकून देऊ नये असं माझं म्हणणं.

रानवारा :

आजीबद्दल मान्य. बाळाच्या तोंडाचंही पटतंय. पण मग कोरियन आणि तमिळचं काय? दोन्हींत वडील 'अप्पा'. आई तमिळमध्ये 'अम्मा', कोरियनमध्ये 'ओम्मा'. आणि साम्य एवढ्यावर थांबत नाही : दिवसाला तमिळमध्ये 'नाळ', कोरियनमध्ये 'नाल'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होमर हल्बर्ट यांनी कोरियन आणि द्राविडी भाषांची तुलना करणारं पुस्तकच लिहिलं. 'दिवस' हा तर बाळाचा शब्द नाही ना?

सांधा :

नाही, 'दिवस' बाळाचा नाही. तिथे लागू होतो तो निव्वळ योगायोग. तो अशक्य वाटतो, कारण आपण किती शब्द बाजूला टाकून तो एक उचललाय ते मोजत नाही. दोन भाषांचे काही हजार शब्द समोर ठेवले, प्रत्येक शब्द दोन-तीन अक्षरांचा, तर काही जोड्या जुळणारच. न जुळत्या तर आश्चर्य.

मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. ईशान्य क्वीन्सलँडमधली म्बाबारम भाषा. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन तिच्या शेवटच्या काही बोलणाऱ्यांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून शब्द टिपत होते. कुत्र्याला काय म्हणता, असं विचारलं. उत्तर आलं, 'डॉग'. इंग्रजीतून घेतलेला असणार असंच वाटलं. पण शेजारच्या यिदिन्य भाषेत कुत्रा 'गुदगा' आहे, आणि म्बाबारममध्ये अशा शब्दांचं पहिलं अक्षर गळतं, उरलेले स्वर ठरलेल्या रीतीने बदलतात. त्याच भाषेतले दुसरे शब्दही त्याच वाटेने गेलेत. म्हणजे 'गुदगा'वरून नियमाने चालत येऊन तो इंग्रजी शब्दाच्या दारात पोहोचला. अर्थ सारखा, उच्चार सारखा, संबंध शून्य.

आजच्या ग्रीकमध्ये डोळा 'माती' आणि मलायमध्ये 'माता', तेही असंच. ग्रीक शब्द जुन्या 'ओम्मातिओन'चा पुढचा भाग गळून झालेला आहे. इतिहास माहीत नसता तर कुणीतरी ग्रीक खलाशी जावा-सुमात्रापर्यंत नेले असते.

अप्पा-अम्मा मात्र मी योगायोगातही धरणार नाही. योगायोगाला कारण नसतं, आणि इथे कारण आहे.

पाऊलखूण :

आतापर्यंत नुसतं वाचत होते. एक वेगळाच बाबा सांगते.

ज्यूंच्या तालमुद या धर्मग्रंथात तीन भाग आहेत : बाबा कामा, बाबा मेत्सिया, बाबा बात्रा. पहिल्या वेळी मला वाटलं, तीन बाबांच्या नावाने असतील. पण अरामाईक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेत 'बाबा' म्हणजे दरवाजा. पहिला दरवाजा, मधला दरवाजा, शेवटचा दरवाजा. कायद्याच्या एका मोठ्या ग्रंथाचे तीन भाग. अरबीतला दरवाजा 'बाब' हाच. तांबड्या समुद्राच्या तोंडावरची सामुद्रधुनी बाब-अल-मंदब. बाबिलोन हे नावही अक्कडी (प्राचीन इराकातली भाषा) बोलणारे लोक 'बाब-इलिम' असं समजत, देवाचं दार.

आणि त्याच अरामाईकमध्ये वडील म्हणजे 'अब्बा'. ख्रिस्ती मठाच्या प्रमुखाला युरोपीय भाषांत जो 'ॲबट' शब्द आहे तो त्याच अब्बावरून. म्हणजे एकाच भाषेत बाबा दार आणि अब्बा बाप, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. दाराचा 'बाबा' बाळाच्या तोंडातून आलेला नाही. तो अक्कडीतून अरामाईकमध्ये आलेला जुना शब्द आहे. सारखं दिसणं आणि सारखं असणं यांतलं अंतर याहून स्पष्ट मी तरी पाहिलेलं नाही.

एक प्रश्नही आहे. सगळं ओठांवर अवलंबून असेल, तर ज्या भाषेत ओठांचे वर्णच नाहीत तिथे काय होतं? अशा भाषा आहेत का?

अक्षरधूळ :

पाऊलखूण, हा प्रश्न या धाग्यात यायलाच हवा होता. आहेत अशा भाषा.

अलास्काच्या किनाऱ्यावरची त्लिंगित. तिच्यात परंपरेने प, ब, म हे वर्ण नाहीत. तिथे आई 'त्लाऽ' आणि वडील 'ईऽश'. उत्तर अमेरिकेतल्या मोहॉक भाषेतही ओठ मिटून काढायचे वर्ण नाहीत, आणि आईला म्हणतात 'इस्ता'. तिथलीही बाळं ओठ मिटतात, जबडा हलवतात, बाबाबा करतात. बाळाचं तोंड सगळीकडे सारखंच. पण ऐकणाऱ्याच्या भाषेत त्या आवाजाला जागा नाही. म्हणून तो शब्द होत नाही. तुम्ही विचारलं नसतं तर हा पुरावा माझ्याकडून राहून गेला असता, आणि मला तो सगळ्यांत भक्कम वाटतो, कारण त्यातून दोन्ही बाजू दिसतात : आवाज बाळाचा, शब्द घराचा.

आणि ओठांवरून जपानी आठवली. मोरपीस यांनी तिथली म्हातारी सांगितली, मी आई सांगतो.

आज जपानीत आई 'हाहा' आहे. ओठ कुठेच लागत नाहीत. पण जपानीतला आजचा 'ह' पूर्वी 'फ' होता, दोन्ही ओठ जवळ आणून फुंकर घातल्यासारखा, आणि त्याही आधी 'प'. म्हणजे हाहा आधी 'फाफा' होती, आणि फार पूर्वी 'पापा'. वडील 'चिची', त्यात ओठांचं काम तेव्हाही नव्हतं.

याला एका कोड्याचा पुरावा आहे. सम्राट गो-नारा याच्या नावाने १५१६ सालचा कोड्यांचा एक संग्रह आहे. त्यात एक कोडं असं : आईसाठी दोनदा भेटतात, वडिलांसाठी एकदाही भेटत नाहीत, ते कोण? उत्तर आहे, ओठ. आजच्या उच्चारात ते कोडं सुटतच नाही. आई 'फाफा' होती तोवरच ते सुटत होतं, आणि भाषेच्या अभ्यासकांना जुना उच्चार ठरवायला ते कामी आलं.

आता जपानी मुलं घरात 'मामा' आणि 'पापा' म्हणतात. दोन्ही शब्द पाश्चात्त्य भाषांतून आले. पापा म्हटलं की वडील वळून बघतात. त्याच बेटांवर, फार पूर्वी, त्याच हाकेला आई वळून बघत असे.